पाण्याखालच्या फोटोसाठी स्ट्रोब घ्यायचाय? आधी तो दर वेळी पेटतो का ते बघा

दिवाळी झाली की आपल्याकडची पोरं मालवण, तारकर्ली, नेत्राणी, कुणी पैसे साठवून थेट अंदमान, असं डायव्हिंगला जायलेत, लै चांगली गोष्ट आहे, पण परत आल्यावर फोटो दाखवतात तर सगळे निळे नाहीतर हिरवे, मासा कुठला आणि खडक कुठला ते कळंना. मग फोन येतो, दादा स्ट्रोब (पाण्याखाली चालणारा, कॅमेऱ्याला बाहेरून जोडायचा फ्लॅश) घ्यायचाय, कुठला घेऊ. प्रत्येकाला अर्धं अर्धं सांगण्यापेक्षा एकदा सगळं सविस्तर लिहून काढतो.

मी लातूरचा. पोहायला शिकलो ते शेतातल्या विहिरीत, पाठीला पांगऱ्याचा ओंडका बांधून. आता समुद्र वर्षातून एकदा, फार तर दोनदा होतो, बाकी वर्षभर आमच्या विहिरी आणि बारवा. पावसाळ्याचा गढूळपणा दिवाळीपर्यंत खाली बसतो आणि मग संक्रांतीपर्यंत पाणी असं निवळतं की वरून दोन परस खालची पायरी दिसते (परस म्हणजे माणसाच्या उंचीएवढं, आमच्याकडं विहिरीचं पाणी परसातच मोजतात). त्या पाण्यात मरळ असते, चिलापी असते, कपारीत विरोळा बसलेला असतो, बारवेत बुडालेले कोनाडे असतात, आणि हे सगळं स्ट्रोबशिवाय फोटोत नुसतं हिरवं गाळासारखं येतं.

स्ट्रोब घेताना जो तो एकच विचारतो, उजेड किती पाडतो. माझं सांगणं आहे की उजेड नंतर बघा, आधी तो दर वेळी पेटतो का ते बघा. एका डाइव्हला टाकीत हवा ४०-५० मिनिटांची, त्यात कासव समोर आलं तर ते थांबणार पाच-सात सेकंद, आणि तेवढ्यात स्ट्रोब चार्ज होत बसला, नाहीतर केबल ढिली म्हणून पेटलाच नाही, तर तुमचा गाइड नंबर (स्ट्रोबच्या ताकदीचा आकडा) ३३ असला काय आणि २० असला काय. कमी उजेडाचा स्ट्रोब दोन वीत पुढं सरकून भागवता येतो. न पेटणाऱ्या स्ट्रोबला पाण्याखाली काहीच करता येत नाही, तिथं ना स्क्रूड्रायव्हर ना बोलायची सोय.

आता हा लागतोच कशाला ते थोडक्यात. पाणी लाल रंग सगळ्यात आधी खातं, पाच मीटरच्या आसपासच लाल जवळजवळ गेलेला असतो, मग नारिंगी, मग पिवळा, आणि खाली निळा उरतो. विहिरीच्या शेवाळी पाण्यात तर निळाही टिकत नाही, हिरवा उरतो. गेलेला रंग नंतर कॉम्प्युटरवर ओढून आणायला गेलं की नुसते दाणे येतात. स्ट्रोब म्हणजे पांढरा उजेड सोबत घेऊन जाणं. पण एक लक्षात ठेवा, त्या उजेडालाही पाणी खातंच, आणि तो स्ट्रोबपासून माशापर्यंत आणि माशापासून लेन्सपर्यंत असा दुहेरी प्रवास करतो, म्हणजे मासा एक मीटरवर असेल तर पाणी दोन मीटर. म्हणून कितीही महागाचा घेतला तरी रंग मिळायचे ते मीटर-दीड मीटरच्या आत. त्याच्या पुढचं निळंच राहणार, आणि ते तसंच शोभतं.

व्हिडिओ लाइटवर भागतं का असं पण विचारतात. व्हिडिओसाठी भागतं, हळू बसलेल्या बेडकासाठी पण भागेल, पण स्ट्रोब एका क्षणात जेवढा उजेड ओततो तेवढा खिशाला परवडणाऱ्या लाइटला जमत नाही, आणि हलणारा मासा गोठवायला तो क्षणच लागतो.

गाइड नंबरचं गणित मात्र समजून घ्या, कारण जाहिरातीत तोच मोठ्या अक्षरात असतो. हा आकडा जमिनीवरचा असतो, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची सेटिंग) १०० ला, मीटरमध्ये. नंबर भागिले अंतर म्हणजे लेन्सच्या भोकाचा एफ-आकडा, अर्थात अ‍ॅपर्चर. पाण्यात तो साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतो असं धरा, पाणी फारच निवळ असेल तर थोडा बरा. म्हणजे इनॉनचा झेड-३३० घेतला, नंबर ३३, तर पाण्यात धरा ११, एक मीटरवर एफ-११ मिळालं, वाइड (मोठं दृश्य एकात घ्यायच्या) फोटोला भरपूर झालं. त्यांचाच एस-२००० हा मुठीएवढा छोटा, नंबर २०, पाण्यात धरा साडेसहा, एक मीटरवर एफ-६.३ आणि अर्ध्या मीटरवर एफ-१३. मॅक्रोवाला (बारीक जीव जवळून काढणारा) माणूस वीतभर अंतरावरून काढतो, त्याला हा पण रग्गड. सी अँड सीचा वायएस-डी२ घ्या, नंबर ३२, म्हणजे झेड-३३० च्या जवळपास तोच. ३२ आणि ३३ मध्ये फोटोत काही फरक दिसत नाही, तिथं डोकं खपवू नका. आणि डिफ्यूझर (उजेड पसरवणारं पुढचं झाकण) लावला की उजेड अजून कमी होतो, कधीकधी अर्ध्यावर येतो, ते पण हिशोबात धरा.

बरं, आता ज्याच्यावर सगळा खेळ आहे तिथं येतो. बॅटरी.

बहुतेक स्ट्रोब चार डबल-ए सेलवर चालतात. काहींची स्वतःची पॅक बॅटरी असते, आयकेलाइटच्या मोठ्या मॉडेलची असते तशी, ती ताकदवान असते आणि स्ट्रोब पुन्हा झटपट तयार होतो, पण ती बसली की दुसरी तालुक्याच्या गावात मिळत नाही, त्यासाठी वाट बघावी लागते. डबल-ए चं तसं नाही. म्हणून आपल्यासारख्या लांबच्या माणसाला मी डबल-ए वालाच सांगतो. फक्त दुकानातले साधे अल्कलाइन सेल घालू नका. अल्कलाइनवर लिहिलेलं असतं १.५ व्होल्ट आणि रिचार्जेबलवर १.२, त्यामुळं माणसाला वाटतं जास्त तेच चांगलं, पण स्ट्रोब एका दमात जेवढा करंट ओढतो तेवढा अल्कलाइन देऊ शकत नाही, त्याचा आतला रोध जास्त असतो, मग चार्ज व्हायला वेळ लागतो आणि वीस-तीस फोटोंनंतर ताटकळत बसावं लागतं. एनेलूपसारखे चांगले एनआयएमएच जातीचे रिचार्जेबल सेल घ्या, ठेवून दिले तरी चार्ज लवकर उतरत नाही. लिथियमचे १.५ व्होल्टवाले सेल मॅन्युअलमध्ये चालतात असं स्पष्ट लिहिलं असेल तरच, नाहीतर सर्किट तापतं.

सेलचे सेट करून ठेवा. मी मार्करनं नंबर टाकतो, क-१ ते क-४, ख-१ ते ख-४, आणि क मधला सेल ख मध्ये कधीच जात नाही. चार सेल एकामागं एक जोडलेले असतात, त्यातला एक जरी दमला की बाकी तिघांचा काही उपयोग नाही, चार बैलांच्या नांगराला एक बैल बसला तर जे होतं तेच. उलट त्या दमलेल्यावर बाकीचे जोर लावतात आणि तो खराबच होतो. चार्जर असा घ्या की प्रत्येक सेल वेगळा तपासून वेगळा चार्ज करतो. आणि आपल्याकडचा एप्रिल-मे, ४२-४३ डिग्री, त्यात सेल गाडीच्या डिक्कीत नाहीतर पत्र्याच्या खोलीत ठेवायचे नाहीत, उष्णतेनं चार्जही उतरतो आणि आयुष्यही. माझे तर माठाच्या मागं गार भिंतीच्या कोनाड्यात असतात, कोरड्या डब्यात.

रिसायकल टाइम, म्हणजे एकदा पेटल्यावर पुन्हा तयार व्हायला लागणारा वेळ, तो फुल पॉवरला चांगल्या सेलवर तीन सेकंदांच्या आत पाहिजे. आणि इथं एक बारीक गोष्ट आहे जी कुणी सांगत नाही. काही स्ट्रोबचा रेडीचा दिवा खरा चार्ज पूर्ण होण्याआधीच लागतो. तुम्ही दिवा बघून दाबता, तो पेटतो, पण अर्धाकच्चा, एक फोटो उजळ आणि पुढचा काळपट, आणि तुम्हाला वाटतं आपलीच सेटिंग चुकली. कसं ओळखायचं ते पुढं टेस्टमध्ये सांगतो.

आता झाकण. कुठल्याही स्ट्रोबचं सगळ्यात कच्चं ठिकाण म्हणजे बॅटरीचं झाकण, कारण तेवढंच आपण रोज उघडतो. बाकीचं कंपनीनं बंद केलेलं असतं. घेताना झाकण स्वतःच्या हातानं दहा वेळा उघडून लावून बघा. आटे सरळ बसतात का, तिरकं बसलं तर लगेच कळतं का, ओल्या हातानं उघडेल का, लागल्याचा ठाम थांबा जाणवतो का. झाकणासोबत ओ-रिंग (पाणी अडवणारी रबरी कडी) फिरते की सरळ दाबली जाते ते पण बघा. आणि विचारा, बॅटरीचा कप्पा आणि आतलं सर्किट यांच्यामध्ये पक्की भिंत आहे का. ती असेल तर पाणी शिरलं तरी सेल आणि स्प्रिंगांवर भागतं, नसेल तर अख्खा स्ट्रोब जातो.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. नेत्राणीला दुसऱ्या डाइव्हच्या आधी बोटीवर सेल बदलले, झाकणाच्या कडेला पाण्याचे थेंब दिसले म्हणून गळ्यातल्या पंचानं पुसून घेतले, ओ-रिंग पण त्याच पंचानं पुसली, झाकण लावलं, उडी मारली. पहिले काही फोटो नीट पडले. मग एक पडला, एक नाही. मग बंदच. वर आल्यावर झाकण तोंडापासून लांब धरून हळू हळू सैल केलं (हे लै महत्त्वाचं आहे, सेलपर्यंत खारं पाणी गेलं की आत गॅस तयार होऊन दाब बसलेला असतो आणि झाकण उडू शकतं), आतून चमचाभर पाणी निघालं, हिरवट, स्प्रिंगांवर हिरवा थर चढायला लागलेला. ओ-रिंग काढून उन्हात धरली तर तिच्यावर पंचाचा एक सुती तंतू आडवा चिकटलेला, नखाएवढा पण नाही, केसापेक्षा थोडा जाड. तेवढ्यानं काम केलं होतं. पाणी शिरल्यावर वॉरंटी सहसा लागू होत नाही. नशीब माझ्या स्ट्रोबला मधली भिंत होती, गोड्या पाण्यानं धुऊन, नव्या सेलवर पुन्हा चालला, पण त्या दिवसाचा समुद्र गेला तो गेलाच.

तेव्हापासून ओ-रिंगला कापूस, पंचा, टॉवेल, रुमाल काही लावत नाही. बोटाच्या टोकानं पुसायची, दोन बोटांच्या चिमटीतून अलगद फिरवायची, रेतीचा कण, केस, तंतू काही असेल तर बोटाला लगेच लागतं, डोळ्याआधी बोटाला कळतं. ग्रीस जेमतेम, रिंग नुसती ओलसर चमकली पाहिजे, थापायचं नाही. ग्रीस पाणी अडवत नाही, रिंगला घसरून जागेवर बसायला मदत करतं, उलट जास्त लावलं की त्याला धूळ चिकटते. आणि ग्रीस त्याच कंपनीचं वापरा, कारण सिलिकॉनच्या रिंगला सिलिकॉनचं ग्रीस लागलं तर रिंग फुगते, काळ्या नायट्राइल रिंगला तेच चालतं. रिंग काढायला सुई, पिन, सुरी नको, प्लास्टिकचं कार्ड घ्या.

एक गंमत वाटेल अशी पण खरी गोष्ट, ओ-रिंग खोलात जास्त घट्ट बसते, कारण पाण्याचा दाबच तिला दाबून धरतो. गळायची भीती उलट वरवरच असते, बोटीवरच्या धुवायच्या टबात, पहिल्या एक-दोन मीटरला. म्हणून शंभर मीटर खोलीची खात्री डब्यावर वाचून निवांत होऊ नका, आपण कुठं जाणार आहोत तेवढं खाली.

माणूस पाण्याखाली उजेड नेतोय ते काही आजचं नाही. फ्रान्सच्या बान्यूल्समध्ये लुई बुताँ यांनी १८९३ साली पाण्याखाली फोटो काढले, त्यांच्या एका दिव्यात ऑक्सिजन भरलेल्या पिंपावर स्पिरिटची ज्योत आणि त्यावर मॅग्नेशियमची भुकटी फुंकायची असा प्रकार होता. पुढं अमेरिकेतल्या एमआयटीच्या हॅरॉल्ड एजर्टन यांनी इलेक्ट्रॉनिक फ्लॅश घडवला आणि समुद्राचा शोध घेणाऱ्या कूस्तोंच्या मोहिमांसाठी खोल समुद्रात चालणारे फ्लॅश बनवून दिले, तिथली मंडळी त्यांना पापा फ्लॅश म्हणायची. तेव्हापासून काम तेच आहे, बंद डब्यात वीज साठवायची आणि डब्यात पाणी येऊ द्यायचं नाही.

स्ट्रोब कॅमेऱ्याला जोडायचा कसा, यावर बरीच पोरं फसतात. एक पद्धत तारेची, इलेक्ट्रिक सिंक कॉर्ड, पेटायच्या बाबतीत एकदम भरवशाची, पण हाउसिंगला (कॅमेऱ्याच्या पाणी न शिरणाऱ्या डब्याला) भोक असतं, प्लगला ओ-रिंग असते, म्हणजे पाणी शिरायची जागा वाढली आणि पाणी शिरलं की पिना गंजतात. दुसरी फायबर ऑप्टिक, कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा उजेड काचेसारख्या बारीक दोऱ्यातून स्ट्रोबच्या डोळ्यापर्यंत जातो आणि तो बघून स्ट्रोब पेटतो. ह्यात वीज नाही, भोक नाही, गळायला काही नाही. मी नवीन माणसाला फायबरच सांगतो. ऑलिम्पसच्या टीजी सिरीजसारख्या छोट्या कॅमेऱ्यात फ्लॅश असतोच, काम भागतं. पण ज्या मिररलेसमध्ये आतला फ्लॅशच नाही, सोनीच्या ए-७ सिरीजसारखा, त्याला हॉट शूवर (कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या फ्लॅशच्या खाचेवर) बसणारा एलईडी ट्रिगर लागतो, त्याचा खर्च आधीच धरा. आणि एलईडीचा उजेड मंद असतो, म्हणून तिथं एकाच जाड दोऱ्याची स्वस्त केबल चालत नाही, ६१३ कोअरची मल्टिकोअर घ्या, ती वाकवली तरी उजेड कमी गळतो.

कॅमेऱ्याच्या फ्लॅशला अजून एक खोड असते, खऱ्या फ्लॅशच्या आधी तो एक छोटा प्री-फ्लॅश मारतो. साधा स्ट्रोब त्यालाच भुलतो आणि आधीच पेटून मोकळा होतो, फोटोत अंधार. म्हणून प्री-फ्लॅश सोडून द्यायची सोय स्ट्रोबमध्ये आहे का, ती तुमच्या कॅमेऱ्यासोबत जमते का, हे घेण्याआधी तुमचा कॅमेरा नेऊन लावून बघा. कागदावर जमतं असं लिहिलेलं आणि प्रत्यक्षात न जमलेलं मी डोळ्यांनी बघितलंय. केबलची टोकं पण बघत जा, तिथं क्षार साचला, टोक घासलं, केबल एकदा मोडली की उजेड पोचत नाही, टोक नव्या ब्लेडनं एका झटक्यात सरळ कापलं की पुन्हा चालू होतं. एक जादा केबल सोबत असू द्या, सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त दगा देणारी वस्तू तीच. आणि वरच्या उथळ पाण्यात, भर दुपारी, ऊन थेट स्ट्रोबच्या डोळ्यावर पडलं तरी तो गोंधळतो, तेव्हा केबलचं प्लग नीट झाकून बसतं का ते बघा.

टीटीएल (कॅमेऱ्यानंच स्ट्रोबचा उजेड मोजून ठरवायची सोय) आहे का म्हणून अडून बसू नका. असला तर बरा, मॅक्रोला कामाला येतो, पण वाइडला मॅन्युअलच भारी पडतं. मॅन्युअलचं बटण ओल्या, गार पडलेल्या हातानं फिरतं का, अंधारात आकडा दिसतो का, पॉवरचे टप्पे पुरेसे आहेत का, हे बघा.

उजेडाचा कोन वाइडवाल्याला १०० डिग्रीच्या पुढं पाहिजे, डिफ्यूझर धरून चालेल. गोल ट्यूबवाले (ट्यूब म्हणजे पेटणारी काचनळी), रेट्रा कंपनीच्या स्ट्रोबसारखे, कडेपर्यंत मऊ उजेड देतात, महाग आहेत. रंग थोडा उबदार असलेला, ४८००-५००० केल्विनच्या आसपासचा, समुद्रात मागचं पाणी जास्त निळं दाखवतो. आमच्या विहिरीत मला एवढा फरक दिसला नाही. फोकससाठी छोटा दिवा आतच असेल तर अंधाऱ्या कपारीत फार उपयोगी.

एक का दोन? सुरुवात एकानंच करा, पण असा घ्या की वर्षभरानं त्याचाच जोडीदार मिळेल. आर्मवर (स्ट्रोब धरणाऱ्या दांड्यांवर) खर्च कमी करू नका, कारण पाण्यात तरंगणारे कण लेन्ससमोर पेटले की फोटोभर पांढरे ठिपके पडतात, विहिरीत तर गाळ असतोच, आणि ते टाळायला स्ट्रोब लेन्सपासून लांब बाजूला आणि थोडा मागं न्यावा लागतो. शिवाय पाण्यात वस्तू खऱ्यापेक्षा जवळ दिसतात, एक मीटरवरचा मासा पाऊण मीटरवर वाटतो, आपण दिसतो तिथं स्ट्रोब रोखतो आणि उजेड माशाच्या अलीकडच्या कणांवरच पडतो. म्हणून थोडा बाहेरच्या बाजूला वळवून ठेवा, उजेडाची नुसती कड माशाला लागली पाहिजे.

जुना घ्यायचा असेल तर सेलच्या कप्प्यात टॉर्च मारून बघा. स्प्रिंगांना हिरवा थर, कोपऱ्यात पांढरी मिठाची रेघ, खरवडल्याच्या खुणा, यातलं काही दिसलं तर आत एकदा पाणी जाऊन आलंय. ट्यूबची टोकं काळी पडली असतील तर लै वापरलेला. स्क्रूच्या डोक्यांवर घसरल्याच्या खुणा असतील तर कुणीतरी उघडलेला. आणि विचारा, शेवटचा कधी पेटवला होता, कारण महिनोन्‌महिने बंद राहिला की आतला कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) सुस्तावतो. असा स्ट्रोब पहिल्यांदा कमी पॉवरवर आठ-दहा वेळा पेटवून मग वाढवत न्यायचा. आपलाही घरी पडून असेल तर महिन्या-दीड महिन्यातून एकदा पेटवत जा.

आता टेस्ट. पैसे देण्याआधी, नाहीतर परत करायची मुदत आहे तोवर, ही करून घ्या. रात्री खोली अंधार करा, पांढऱ्या भिंतीसमोर कॅमेरा टेबलावर ठेवा, सगळं मॅन्युअल. पाव पॉवरला तीस फोटो काढा, रेडीचा दिवा लागला की लगेच दाबा. मग फुल पॉवरला दहा, पण मध्ये पंधरा-वीस सेकंद थांबत, कारण पाण्यात स्ट्रोबला गारवा मिळतो, जमिनीवर धडाधड फुल मारला तर ट्यूब आणि सेल दोन्ही तापतात. त्यानंतर दिवा लागताच दाबलेले फुल पॉवरचे फक्त तीन. सगळे फोटो एका ओळीत लावून बघा. पाव पॉवरच्या सगळ्यांत भिंत एकसारखी दिसली पाहिजे, आणि फुल पॉवरच्या सगळ्यांत एकसारखी. शेवटचे तीन काळपट आले तर दिवा खोटं बोलतो, समजून घ्या आणि त्या हिशोबानं एक-दोन सेकंद जास्त थांबायची सवय लावा. चाळीसमध्ये दोन वेळा पेटलाच नाही तर केबल बदलून पुन्हा करा, तरी तेच झालं तर घेऊ नका, मग तो कितीही स्वस्त असो.

पाण्याची टेस्ट आधी बादलीत. सेल काढायचे, आत टिश्यू पेपरची कोरडी घडी, झाकण लावून रात्रभर बुडवून ठेवायचा. मग विहिरीत. मी कांद्याच्या जाळीच्या पिशवीत स्ट्रोब ठेवतो, दगड वेगळ्या पिशवीत त्याच्या खाली बांधतो म्हणजे काचेवर आपटायला नको, आणि पोहरा सोडावा तसा दोरानं सोडतो, सहा परस, साधारण दहा मीटर, तिथं वरच्या हवेएवढा दाब अजून एक वाढलेला असतो. तासभर ठेवून वर घ्यायचा, बाहेरून पूर्ण कोरडा करायचा, झाकण खाली तोंड करून उघडायचं, आणि ती घडी गालाला लावून बघायची. गालाला बारीक ओलपण कळतं.

आणि विहिरीत स्वतः उतरणार असाल तर आधी मोटार. नुसती बंद नाही, स्टार्टरच्या पेटीतले किटकॅट (म्हणजे फ्यूज) काढून वर थांबणाऱ्या माणसाच्या खिशात. ऑटो लावलेली असते, लाइट कधी पण येते आणि मोटार आपोआप चालू होते, केबल कुठं सोललेली असेल सांगता येत नाही. आमच्याकडं चुलते काठावर बसतात, किटकॅट त्यांच्या बंडीच्या खिशात, मी वर येईपर्यंत ते उठत नाहीत. एकट्यानं कुणी उतरायचं नाही.

समुद्रातून आल्यावर स्ट्रोब गोड्या पाण्यात अर्धा तास तरी बुडवून ठेवा, बटणं पाण्यातच फिरवा, म्हणजे फटीतलं मीठ सुटतं. ते वाळून बसलं की मग खडे होतात आणि ओ-रिंग कापतात. पण आपल्या बोअरचं पाणी त्या कामाचं नाही, क्षार एवढे की काचेवर पांढरी पुटं चढतात, बटणं घट्ट होतात. फिल्टरचा जार आणा, तेवढा खर्च करा. वाळवायला सावली. ठेवताना सेल बाहेर आणि झाकण सैल, रिंग दबून राहायला नको.

प्रवासात विमान असेल तर सुटे लिथियम सेल केबिन बॅगेतच न्यावे लागतात, मी एनआयएमएच पण तिथंच ठेवतो, प्लास्टिकच्या डबीत. झाकण थोडं सैल ठेवा, नाहीतर उतरल्यावर आतल्या कमी दाबानं असं बसतं की निघता निघत नाही. सोबत दोन ओ-रिंगा, ग्रीस, एक केबल, सेलचा जादा सेट. तारकर्लीला हे दुकानात मिळेल असं धरून जाऊ नका, तिथं पोचून शोधणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

डाइव्हच्या सकाळी सेल खोलीतच घाला, बोटीवर नको, तिथं वारा, रेती, ओले हात सगळं असतं. बोटीवर एकदा पेटवून बघा. उडी मारल्यावर लगेच खाली जाऊ नका, दोन मीटरवर थांबा, जोडीदाराला खूण करून झाकण त्याच्याकडं वळवा आणि तुम्ही त्याचं बघा. सुरुवातीला एक-दोन बुडबुडे सुटतात ते बाहेर अडकलेल्या हवेचे, ते थांबतात. बारीक मण्यांची माळ एकाच जागेवरून निघतच राहिली तर स्ट्रोब वर बोटीवर देऊन टाका, आणि थांबली तर अजून एकदा पेटवून खाली चला.